रक्तदाबाचा कारभार : मज्जातंतू, संप्रेरके आणि आपले हृदय

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात हृदयरोग विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक स्नेहमेळाव्यात एखाद्या विभागाने आपल्या कामाविषयी चार शब्द बोलावेत, असा या संस्थेचा प्रघात आहे. यंदा तो मान हृदयरोग विभागाकडे आला. विषय कोणता घ्यावा याची आम्ही आपसांत चर्चा केली, तेव्हा अँजिओप्लास्टी, बायपास अशी भारदस्त नावे पुढे आली. परंतु बाह्यरुग्ण विभागात जो प्रश्न आम्हांस सर्वाधिक वेळा विचारला जातो तो यांपैकी कशाविषयीच नसतो. तो असतो, "डॉक्टरसाहेब, आता बरं वाटतंय, प्रेशरची गोळी बंद करू का?" या प्रश्नाला "नको" एवढे उत्तर देऊन आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळतो. बाहेर रांग असते, टोकन पुकारले जात असते, आणि "नको" का, हे सांगायचे राहून जाते. ते राहून गेलेले सांगावे, एवढ्याचसाठी आज आपला वेळ घेत आहोत.

प्रारंभ अगदी साध्या गोष्टीने करू. आपण आत्ता खुर्च्यांवर बसला आहात. कार्यक्रम संपल्यावर उभे राहाल, तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त छातीच्या भागातून खाली, पोटातील आणि पायांतील नीलांमध्ये उतरेल. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले की हृदय जे पुढे ढकलणार तेही कमी होणार. आणि मेंदू तर सर्वांत उंचावर बसलेला. केवळ हिशेबाने पाहिले तर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला घेरी यावयास हवी. तशी ती बहुतेकांना येत नाही, कारण एक-दोन ठोक्यांच्या आतच शरीरातील एक यंत्रणा जागी होते, हृदयाचा वेग वाढविते, रक्तवाहिन्या आवळते आणि दाब पूर्ववत करते. आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही. ही यंत्रणा वार्धक्यात, मधुमेहात किंवा काही औषधांमुळे मंदावली, की पहाटे अंथरुणातून ताडकन उठणाऱ्या वृद्धांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. न्हाणीघराच्या दारात पडून खुबा मोडलेले कितीतरी आजी-आजोबा अस्थिरोग विभागात दाखल होतात. त्यांतील काहींचे मूळ दुखणे हाडांचे नसते, या उभे राहण्याच्या हिशेबाचे असते.

या यंत्रणेचे पहारेकरी कोठे बसतात? जबड्याच्या कोनाखाली मानेवर बोट ठेवले असता जिचा ठोका लागतो, ती रोहिणी थोडी वर जाऊन दुभंगते. त्या फाट्यापाशी तिच्या भिंतीत मज्जातंतूंची सूक्ष्म टोके विखुरलेली असतात. तशीच ती हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीतही असतात. दाब वाढून भिंत ताणली गेली की ही टोके मेंदूकडे घाईघाईने संदेश धाडतात. भिंत सैल पडली की संदेश विरळ होतात. हे सारे संदेश मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात, लंबमज्जेत, पोहोचतात आणि तेथून दोन प्रकारच्या मज्जातंतूंद्वारे हुकूम सुटतो. एक व्हेगस, जी हृदयाला आवरते. दुसरी अनुकंपी मज्जासंस्था, जी हृदयाला चेतविते आणि रक्तवाहिन्यांना आवळते.

येथे एक गोष्ट आम्हांला स्वतःला विद्यार्थिदशेत फार नवलाची वाटली होती, ती सांगावीशी वाटते. हृदयाला ठोके देण्यासाठी मज्जातंतूंची गरजच नसते. त्याच्या उजव्या कप्प्याच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो आपल्या लयीत ठोके निर्माण करीत राहतो, आणि त्याची स्वतःची लय मिनिटाला सुमारे १०० असते. मग निवांत बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या घरात कशी? कारण व्हेगसने अहोरात्र कासरा खेचून धरलेला असतो. जिना चढताना हृदयाचा वेग वाढतो, तो आधी कासरा सैल सोडल्याने, आणि मागाहून अनुकंपी तंतूंनी हाकल्याने. चांगला गाडीवान उठल्यासुटल्या चाबूक उगारीत नाही, तसेच हे.

याचा पुरावा हृदयरोपणाने मिळाला. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासांपलीकडे वाचू शकला नाही. तरीही त्या काळच्या साधनांनिशी ते धाडस मुंबईत झाले याचा आम्हांला अभिमान वाटतो. रोपण करताना हृदयाकडे जाणारे सारे मज्जातंतू कापले जातात. त्यामुळे असे हृदय बसल्या जागीही ९० ते ११० च्या वेगाने चालते, कारण त्याचा कासरा धरणारे कोणी उरलेले नसते. असा रुग्ण जिना चढू लागला की पहिली काही मिनिटे त्याचे हृदय जणू बेफिकीर असते, मग हळूहळू वेग घेते. आणि वर पोहोचून माणूस खुर्चीत टेकला तरी बराच वेळ धावतच राहते. तंतूंचा हुकूम पोहोचत नाही, म्हणून त्याला रक्तातून वाहत येणाऱ्या ॲड्रिनलिनची वाट पाहावी लागते. आणि ते रक्तातून ओसरेपर्यंत थांबताही येत नाही.

मज्जातंतू आणि संप्रेरके, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो, यांतील भेद इतका स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसणार नाही. पूर्वी आपल्याकडे तार आणि टपाल अशा दोन सोयी होत्या. तार तत्काळ पोहोचे आणि नेमक्या त्याच माणसाला मिळे. टपाल सावकाश जाई, पण गावोगाव जाई. (२०१३ साली तारसेवा बंद झाली, तेव्हा हा दृष्टान्त तरुण श्रोत्यांसाठी जुना झाला हे आम्ही जाणतो.) मज्जातंतूंचे काम तारेसारखे, सेकंदांत आटोपणारे, संप्रेरकांचे टपालासारखे, मिनिटांपासून दिवसांपर्यंत चालणारे.

मौज अशी, की तारेचा शेवटचा टप्पाही टपालाचाच असतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांना एका रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्यांनी अर्धवट झोपेत कागदावर तो टिपून ठेवला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा मात्र ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदये त्यांनी क्षारजलात ठेवली. एकाची व्हेगस विजेने चेतविली. ते हृदय मंदावले. मग त्याच्या भोवतीचे पाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिले, आणि कोणताही मज्जातंतू न छेडता तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूच्या टोकातून काही द्रव्य स्रवते आणि तेच हृदयाला निरोप देते. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगासाठी लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक हेन्री डेल यांच्यासह मिळाले. ते द्रव्य म्हणजे ॲसेटिलकोलिन. अनुकंपी तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन स्रवते. पुढे ज्या औषधांविषयी बोलणार आहोत त्यांतील कित्येकांचे मूळ या एका गोष्टीत आहे : निरोप जर द्रव्याच्या रूपाने जात असेल, तर तो वाटेत अडविता येतो.

आता टपालाकडे, म्हणजे संप्रेरकांकडे, वळू. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी भीतीच्या किंवा श्रमाच्या प्रसंगी ॲड्रिनलिन सोडतात, हे शाळेतल्या पुस्तकांतही असते. परंतु रक्तदाबाचा दीर्घकालीन कारभार खरोखर ज्याच्या हाती आहे तो अवयव म्हणजे मूत्रपिंड, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. "दाब हृदयाचा, मग लघवीची तपासणी कशाला?" असे रुग्ण विचारतात, ते त्यामुळेच. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, तेव्हा त्याचा दाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटले. पुढे ते शोध विस्मृतीत गेले. १९३४ साली अमेरिकेतील हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अंशतः आवळून दाखविली आणि त्या प्राण्यास कायमचा उच्च रक्तदाब जडला, तेव्हा जग पुन्हा मूत्रपिंडाकडे पाहू लागले.

साखळी अशी आहे. मूत्रपिंडाला रक्त कमी पडते आहे असे भासले, मीठ कमी पडले, किंवा अनुकंपी तंतूंनी हुकूम दिला, की ते रक्तात रेनिन सोडते. यकृतात तयार झालेले एक प्रथिन रक्तात फिरत असते, त्याचा रेनिन तुकडा पाडते. त्या तुकड्याला, मुख्यतः फुप्फुसांतून जाताना, एक विकर आणखी छाटते, आणि तयार होते अँजिओटेन्सिन. हे रक्तवाहिन्यांना जोराने आवळते, तहान लावते, आणि अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडविते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगते, मीठ बाहेर जाऊ देऊ नकोस. मीठ राहिले की पाणी राहते, पाणी राहिले की रक्ताचे आकारमान वाढते, आणि दाब चढतो. या अँजिओटेन्सिनला दोन देशांतील शास्त्रज्ञांनी एकाच सुमारास शोधून दोन वेगळी नावे दिली होती. सुमारे दोन दशके दोन्ही नावे चालत राहिली, आणि १९५८ साली दोन्ही पक्षांनी अर्धे-अर्धे नाव जोडून हा वाद मिटविला. विद्वानांत इतका समंजसपणा विरळाच.

ही साखळी वैरीण नव्हे. हगवण लागलेले मूल, बाळंतपणात रक्तस्राव झालेली माता, उन्हात राबून घामाघूम झालेला शेतमजूर, यांचे प्राण हीच साखळी धरून ठेवते. बिघाड होतो तो गरज नसताना ती चालू राहिल्यास, किंवा ताटात रोजच गरजेहून अधिक मीठ पडत राहिल्यास. उलट दिशेने काम करणारा एक निरोपही शरीरात आहे, आणि तो खुद्द हृदयाचा आहे. १९८१ साली कॅनडात अडॉल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरास टोचला, तेव्हा त्याच्या लघवीतून भराभर मीठ आणि पाणी जाऊ लागले. अतिभाराने ताणलेले हृदय मूत्रपिंडाला कळविते की, आता पुरे, थोडे सोडून दे. हृदय ही नुसती मोट नसून एक अंतःस्रावी ग्रंथीही आहे, हे कळावयास विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. दम लागून आलेल्या रुग्णाचा दम हृदयाचा की फुप्फुसाचा, हे ठरविण्यासाठी आज जी रक्ततपासणी केली जाते, ती याच कुळातील दुसऱ्या एका संप्रेरकाची असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतके दक्ष पहारेकरी असताना दाब वाढलेला राहतोच कसा, आणि माणसाला तो जाणवत का नाही? उत्तर असे की, पहारेकरी सरावतात. दाब काही दिवस सतत चढा राहिला की मानेतील आणि महारोहिणीतील ती टोके त्या चढ्या दाबालाच रीत समजू लागतात. मग १६० हा आकडा त्यांच्या लेखी बिघाड उरत नाही; उलट तो १३० वर आला तर तेच गडबडून त्यास वर ढकलू पाहतात. उपचार सुरू केल्यावर पहिले काही आठवडे पुष्कळांना गळल्यासारखे, हलके वाटते, आणि "गोळी सोसत नाही" असे म्हणून ते ती बंद करतात. पहारेकऱ्यांना जुन्या रीतीवर परत यावयास थोडा अवधी लागतो, इतकेच. थोडक्यात, बरे वाटणे किंवा न वाटणे हे रक्तदाबाचे माप नव्हे. आतील माप स्वतःच सरकलेले असते, म्हणून बाहेरच्या यंत्राची गरज.

येथे आमच्या विभागातील एक घटना सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. साठी ओलांडलेल्या एक आजी काही वर्षे आमच्याकडे उपचार घेत होत्या. तीन गोळ्या होत्या : एक हृदयाचा वेग आवरणारी, एक अँजिओटेन्सिनला अडविणारी, आणि एक लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी, जिला सगळे 'पाण्याची गोळी' म्हणतात. दाब उत्तम राहिला होता. आषाढी वारीच्या दिवसांत त्यांना पहाटे दोन वाजता गाडीत घालून आणले, बसूनही श्वास घेता येत नव्हता, ओठांशी फेस होता, दाब २२० च्या वर. छातीत पाणी भरले होते. सूनबाई रडत म्हणाल्या, "गोळ्या पिशवीत भरून दिल्या होत्या हो, त्यांनी घेतल्याच नाहीत." दोन दिवसांनी आजी बोलत्या झाल्या, तेव्हा आम्ही थोडे रागानेच विचारले. त्या म्हणाल्या, "बाळा, ती गोळी घेतली की तासा-तासाला जावं लागतं. बाईमाणसानं वाटेत जायचं कुठं? अन् दिंडी थांबते का माझ्यासाठी?" पाण्याची गोळी वेगळी ओळखू येईना, म्हणून त्यांनी सगळीच पाकिटे बाजूस ठेवली होती.

गोळ्या एकदम थांबल्यावर आत काय झाले असेल, हे आता आपण ताडू शकाल. हृदयाचा वेग आवरणारी गोळी दीर्घकाळ चालू असता हृदयाच्या पेशी ॲड्रिनलिनचा निरोप झेलणारी दारे वाढवून ठेवतात. गोळी एकाएकी बंद झाली की सगळी दारे सताड उघडी, आणि बाहेर निरोपांचा लोंढा. पाण्याच्या गोळीमुळे रेनिनची साखळी आधीच जागी होती. तिला अडविणारे औषधही गेले. त्यात वाटेतील जेवणातले मीठ आणि दिवसभराची चाल. दोष आजींचा होता असे आम्हांस वाटत नाही. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना "गोळ्या घेता ना?" असे दरखेपेस विचारले, "घेताना अडचण काय येते?" असे एकदाही विचारले नव्हते. पाण्याची गोळी मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी घेता येते, वारीपुरता तिचा पर्यायही शोधता येतो. त्या पुढल्या आषाढीस पुन्हा गेल्या, त्या वेळी प्रत्येक वेळेची पुडी वेगळी बांधून त्यावर सूर्य आणि चंद्र काढून दिले होते. तेव्हापासून बाह्यरुग्ण विभागात वारीच्या आधीच्या महिन्यात हा प्रश्न आम्ही स्वतःहून काढतो.

औषधांविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण ज्या पिढीने ही औषधे पाहिली नाहीत तिची स्थिती काय होती हे आपण विसरत चाललो आहोत. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. वर्षभरापूर्वी तो १८६/१०८ असल्याचे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होते. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली माणसाला ते विश्रांती, कमी मीठ आणि हृदयास बळ देणाऱ्या जुन्या औषधापलीकडे फारसे काही देऊ शकले नाहीत, कारण देण्याजोगे काही नव्हतेच. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळीचा काय परिणाम झाला, ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. आपल्या वैद्यांना ठाऊक असलेली ही वनस्पती; डॉ. वकिलांनी तिचा उपयोग मापून, नोंदवून जगापुढे ठेवला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील लास्कर पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. रेसर्पिन करते काय? अनुकंपी तंतूंच्या टोकांत साठविलेले नॉरॲड्रिनलिन रिकामे करून टाकते. हुकूम येतो, पण पाठवायला निरोपच शिल्लक नसतो. तेच द्रव्य मेंदूतही कमी होत असल्याने काही रुग्ण खिन्न होत, नाकही चोंदे. म्हणून आज ते मागे पडले आहे. तरी गोळीने दाब उतरविता येतो हा विश्वास जगाला देण्यात मुंबईचा हा वाटा आहे, आणि आमच्या मते तो शाळेच्या पुस्तकात असावयास हवा.

पुढची वाटचाल त्याच तत्त्वाची. जेम्स ब्लॅक यांनी निरोप झेलणारी दारेच बंद करणारे प्रोप्रॅनोलॉल १९६४ साली पुढे आणले. आजचे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल हे त्याचे वंशज. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाने दंश केलेल्यांचा दाब एकदम कोसळतो, यावरून तेथील सर्जियो फेरेरा यांनी त्या विषातील द्रव्याचा माग काढला. ते अँजिओटेन्सिन बनविणाऱ्या विकराला अडविते असे आढळले, आणि त्याच्या धर्तीवर अमेरिकेत कॅप्टोप्रिल घडविले गेले, ज्यास १९८१ साली तेथे मान्यता मिळाली. रामिप्रिल, एनालाप्रिल त्याच घराण्यातील. त्याने ज्यांना कोरडा खोकला लागतो, त्यांच्यासाठी अँजिओटेन्सिनला त्याच्या दाराशीच अडविणारी टेल्मिसार्टनसारखी औषधे आली. (या दोन्ही घराण्यांतील औषधे गरोदरपणात वर्ज्य आहेत, घरात तशी शक्यता असल्यास आम्हांस अवश्य सांगावे.) आता आपल्या ध्यानी येईल की, शेजारच्या काकांची गोळी आपल्याला का चालत नाही. त्यांचा दाब ज्या वाटेने चढतो ती वाट आपली असेलच असे नाही. आणि पुष्कळदा एक वाट अडविली की शरीर दुसरीने चढू पाहते, म्हणून दोन-तीन गोळ्या थोड्या-थोड्या मात्रेत द्याव्या लागतात. तो आजार बळावल्याचा पुरावा नव्हे.

आमच्या आग्रहाच्या गोष्टी थोड्याच आहेत. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लोणचे, पापड, फरसाण, वरून भुरभुरलेले, सगळे आले. सैंधवही मीठच आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवावयास लावतात आणि दाबाच्या गोळ्यांचा परिणाम पुसतात. कित्येकदा "औषध लागू पडत नाही" याचे कारण तेच निघते. जुलाब-उलट्या होत असतील, किंवा निर्जळी उपवास असेल, तर मात्र नेहमीच्या मात्रेने दाब फार उतरू शकतो, अशा वेळी त्याच दिवशी दूरध्वनी करावा. एरवी गोळी कमी करावयाची असली तर ती आमच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. ती कधीच कमी होत नाही असे नाही; वजन घटलेल्या, मीठ आवरलेल्या काही रुग्णांची आम्ही आनंदाने कमी केली आहे.

देणगीदारांपुढे एक मनातील गोष्ट बोलण्याची मुभा असावी. या रुग्णालयातील अनेक यंत्रांवर आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांची, मातोश्रींची नावे कोरलेली आहेत, आणि त्या यंत्रांनी वाचविलेले रुग्ण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. तिने टाळलेला पक्षाघात कोणास दिसत नाही. जो झालाच नाही त्याचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. तरीही दरमहा गोळ्या विकत घेणे ज्यांना जड जाते अशा कुटुंबांसाठी या संस्थेचा औषधनिधी आहे, आणि आमच्या दृष्टीने अतिदक्षता कक्षातील काही खाटा रिकाम्या राखण्याचे काम तोच करतो. विश्वस्तांनी पुढील अंदाजपत्रकात त्याचा विचार करावा, अशी विभागाची विनंती आहे.

सन १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूंनी रक्तदाब मोजल्याचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी घोडीला बांधून तिच्या रोहिणीत नळी घातली आणि काचेच्या उंच नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले. त्या बांधलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या अंगात त्या क्षणी अनुकंपी तंतू आणि ॲड्रिनलिन यांनी काय कल्लोळ मांडला असेल, आणि त्या आठ फुटांत त्याचा भाग किती, असे आमच्या मनात नेहमी येते. दवाखान्यात पांढरा कोट पाहून ज्यांचा आकडा चढतो, त्यांचे आणि त्या घोडीचे नाते थोडे जवळचेच म्हणावे लागेल. म्हणून तर घरी मोजलेल्या नोंदींची वही आम्ही आग्रहाने मागतो.

सभागृहाबाहेर डाव्या हातास परिचारिका भगिनींनी तीन टेबले मांडली आहेत. ज्यांना रक्तदाब मोजून घ्यावयाचा असेल त्यांनी प्रथम तेथील खुर्च्यांवर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. बाही दंडावरून वर घ्यावी, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा, आणि पट्टा फुगलेला असताना शेजाऱ्याशी बोलू नये, बोलण्यानेही आकडा चढतो. चहाची सोय उजव्या हातास आहे. कृपया तो मोजणी झाल्यानंतर घ्यावा.